येऊरच्या डोंगरातला वनहक्क दावा : माझा अनुभव

बाबांच्या नावचा वनहक्क दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्कासाठीचा अर्ज, अखेर मंजूर झाला. पाड्याची सभा, वनहक्क समितीची स्थळपाहणी, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते वरच्या कार्यालयात. दर खेपेला एकच पालुपद, "जुना कागद आणा." रेशनकार्ड दाखवलं तर म्हणे अलीकडचं आहे. घरपट्टीची पावती मागितली. कारवीच्या कुडाला शेण-माती लिंपून उभ्या केलेल्या घराची कसली आली घरपट्टी?

वर 75 वर्षांचा पुरावा मागितला, याचा राग अजून जात नाही. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे आदिवासी नसलेल्या पण पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांना आहे. आम्ही वारली. आदिवासींनी 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायचा, एवढंच. वनहक्क कायदा 2006चा, त्याचे नियम 2008चे. त्यातला नियम 13 छापून पिशवीत ठेवाच. घर, बांधबंदिस्ती, विहीर, दफनभूमी, देवाची जागा, हे सगळं पुराव्यात धरतात. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसाचा लेखी जबाबही चालतो.

मग आम्ही डोंगरालाच साक्षीला उभं केलं. उतारावरचे दगडी बांध, आजोबांनी लावलेला आंबा, शेंदूर फासलेला वाघोबा, एकेकाचा फोटो काढला आणि नकाशावर खूण केली. बिबट्या आजही त्याच वाटेने फिरतो आणि वाघोबाला आम्ही आजही नारळ ठेवतो. शेजारच्या आजींनी जबाबात सांगितलं, "मी नांदायला आले त्या पावसाळ्यात कारवी फुललेली. त्यानंतर सात वेळा फुलली." कारवी आठ वर्षांनी फुलते. इथला शेवटचा बहर 2024चा, म्हणजे आजी आल्या 1968 साली, आणि तेव्हा आमचं घर तिथे होतं. जबाबाखाली त्यांचा अंगठा उमटला तेव्हा मला भरून आलं.

हो, प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. उपग्रहाच्या नकाशात शेत दिसत नाही म्हणून परत पाठवू लागले तर ऐकू नका, तो नकाशा फक्त जोडपुरावा. नाकारलं तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

आणि पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, घेताना नावं नीट वाचा. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. आमच्या पट्ट्यावर आईचं नाव नव्हतं. ते घालून घेतलं, मगच बाबांनी सही केली.