फेब्रुवारीचे तीनशे

दरवर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की मला एक ठरलेला प्रश्न येतो. यंदा तो नवीन लागलेल्या ट्रेनी मुलाने विचारला. "मॅडम, माझा पीटी दोनशेच्या जागी तीनशे कापलाय, काहीतरी चुकलंय." मी पेरोल बघते, बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. प्रोफेशन टॅक्स वर्षाला अडीच हजार, अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे झाले, राहिलेले तीनशे फेब्रुवारीत. तो बरं म्हणून गेला आणि दोन मिनिटांनी परत आला. "पण मॅडम, हा टॅक्स घेतात कशासाठी?"

इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. किती कापला विचारतात, का जास्त कापला विचारतात, आमचे एक साहेब तर दरवर्षी विचारतात की हा वाचवता येतो का (नाही येत). कशासाठी हे मात्र कोणी नाही. आणि मला ते माहीत होतं, ते काही कोर्समध्ये शिकले म्हणून नाही, आमच्या आजीमुळे.

थोडक्यात सांगायचं तर हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी. शहरात पगार घेणाऱ्याने महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून दुष्काळी तालुक्यात मागेल त्याला काम द्यायचं. सरळ व्यवहार. नुसता पगारदारांवरच बोजा टाकला असंही नाही, गाड्यांच्या करावर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर, शहरातल्या दुकान-ऑफिसांवर पण थोडाथोडा वेगळा कर बसवला. तुमचं दुकान असेल तर मिळकत कराचं बिल काढून बघा, त्यात रोजगार हमी उपकर म्हणून एक ओळ सापडेल. आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची असं १९७७ च्या कायद्यात लिहूनच टाकलंय. तो कायदा लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. सगळ्या देशासाठी केंद्राचा असा कायदा यायला २००५ उजाडलं.

डोकं होतं वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे सभापती, आणि आधी १९६५ च्या सुमारास सांगलीकडच्या तासगाव तालुक्यात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. आज त्यांचं नाव एमपीएससीवाली पोरं सोडली तर कोणाला आठवत नाही. असो.

आता आजी. आमची आजी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती तिशीच्या आत होती, पदरात दोन पोरं, आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खरं तर रोहयो १ मे १९७२ लाच जाहीर झाली होती पण दुष्काळ एवढा मोठा पडला की ती बाजूला ठेवून थेट दुष्काळी कामंच काढावी लागली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख लोक अशा कामांवर होते. ५० लाख. आजी त्यातली एक. ती खडीबद्दल फार बोलत नाही, सुकडीबद्दल बोलते. कामावर दुपारी सुकडी वाटायचे, गोडसर भरड असायची ती, पोरं तिच्यासाठी येऊन बसायची. आणि मिलोबद्दल बोलते, रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची म्हणून आजी आजही तोंड वाकडं करते.

पुढे दुष्काळ सरला आणि रोहयोची कामं सुरू झाली तेव्हा ती गावच्या पाझर तलावावर गेली. तिथे हजेरीवर नाही, मापावर पैसे. किती माती काढली ते मोजायला खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट उभा सोडायचा, तो जेवढा उंच तेवढं खोल खणलंय. आजी म्हणते, मुकादम माप घ्यायला यायचा आठ दिवसांनी, तोवर वाऱ्या-पावसाने खुंटाची टोकं झडलेली असायची, की झालं, तेवढी मजुरी गेली. "टोपल्या आम्ही टाकल्या आन उंची त्यो मोजणार." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

या सगळ्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केलाय हे मला खूप उशिरा कळलं आणि मग मी अधाशासारखं वाचलं. ज्याँ द्रेझ यांनी बहात्तरच्या त्या दुष्काळावर लिहिलंय. त्याच सुमाराला आफ्रिकेत साहेलच्या पट्ट्यात दुष्काळ पडला, तिथे भूकबळी गेले, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) महाराष्ट्रात माणशी धान्य त्या देशांपेक्षाही कमी होतं. तरी इकडे तसं झालं नाही, कारण लोकांच्या हातात मजुरी होती आणि मजुरी होती म्हणून धान्य विकत घेता येत होतं. नुसतं धान्य कुठेतरी असून चालत नाही, ते घ्यायला खिशात काहीतरी लागतं, एवढी साधी गोष्ट आहे ही.

दुसरा अभ्यास गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांचा, १९९४ चा, आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यातलं एक गाव सोलापूर जिल्ह्यातलं, शिरापूर. दुसरं अकोल्याकडचं कानझरा. या गावांत इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेचे लोक १९७५ पासून घराघरात जाऊन कोण कुठे कामाला गेलं, काय मिळालं, सगळं लिहून घेत होते, त्यामुळे बाकी कुठे नसेल असा हिशोब तिथे होता. यांनी प्रश्न काय घेतला तर, सरकारी कामावर गेलेला माणूस दुसरीकडचं काम सोडून गेला असेल ना? मग त्याला मिळालेली सगळी मजुरी फायदा कशी धरायची? बरोबरच आहे. तर हिशोब असा निघाला की रुपयातले साधारण चार आणे असे गेले, बारा आणे निव्वळ हातात पडले. म्हणजे त्या दिवसांत दुसरं काम जवळपास नव्हतंच. आजीला हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे सांगाया परदेशातनं मानूस आनला व्हय?"

पण तिसरा अभ्यास वाचून वाईट वाटलं, तो या दोघांचाच, सोबत शुभम चौधरी. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर रोहयोची मजुरी दुप्पट झाली. चांगलंच झालं ना? मजुरी वाढल्यावर कामावर येणारे वाढायला हवेत. तर हजेरीचे महिन्यामहिन्याचे आकडे लावून बघितले तेव्हा दिसलं की उलट झालं, गरज होती तितकी कामंच निघाली नाहीत. कागदावर हमी तशीच, कोणी कायदा बदलला नाही, फक्त काम हळूहळू काढायचं, लांब काढायचं, मागायला आलेल्याला थांबवायचं, की आपोआप खर्च आटोक्यात. पेरोलमध्ये एवढी वर्षं काढल्यामुळे ही पद्धत मला लगेच कळली, बजेट वाढवायचं नसेल तर पगारवाढ जाहीर करून भरती थांबवतात, तसलं.

नवलाची गोष्ट अशी की पैसा नव्हता म्हणून झालं का हे, तर नाही. नव्वदच्या दशकात कर जास्त जमत होता आणि योजनेवर खर्च कमी होत होता. कर तर आम्ही लोक न चुकता कापून भरत होतो, उशीर झाला तर व्याज आणि दंड. तिकडे मात्र ज्याच्यासाठी घेतला तिथे पोचवायला कसली घाई नाही. रोहयोसाठीचा कर असं डोक्यात ठेवून कोणी पैसे भरतच नसेल तर ते पैसे कुठे गेले हे विचारणार तरी कोण? स्लिपवर दोन अक्षरं आहेत, पी आणि टी. त्या दोन अक्षरांत सांगोलाही नाही आणि शिरापूरही नाही.

आणि कर पण कसला बघा. घटनेत याला वरची मर्यादा आहे, आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० केली, ती आजतागायत २,५००. तेव्हा अडीच हजार म्हणजे बरी रक्कम होती, आज आमच्या ऑफिसच्या एका लंचचं बिल त्याहून मोठं होतं. शिवाय त्या ट्रेनी मुलाचा पगार १८ हजार, त्याचे अडीच हजार जातात, म्हणजे उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडे जास्त. आणि महिन्याला चार लाख घेणाऱ्या साहेबांचेही अडीच हजारच, म्हणजे शंभर रुपयांमागे पाच पैसे. वाचवता येतो का विचारणारे कोण ते वर सांगितलंच. (बायकांना २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफ आहे, हे चांगलं केलं. आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशींचे दोनशे वाचतात आणि त्यांना ते दोनशे कळतात.)

त्या कामांतून उभं काय राहिलं, यावर लोक भांडतात. खूप रस्ते अर्धवट राहिले, दरवर्षी तीच खडी टाकली तोच रस्ता, आणि बांध बांधले त्याचा फायदा ज्याची जमीन त्यालाच, मजुराला नाही, हे सगळं अभ्यासकांनी लिहिलंय आणि ते खोटं नाही. पण नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजारला डोंगरावर चर खणले, बांध घातले, त्यातही रोहयोचा पैसा आहे, फक्त तिथे गावाने बोअर घेऊन शेती करायला आणि ऊस लावायला बंदी घातली म्हणून ते पाणी टिकलं. १९९० नंतर फळबाग योजना रोहयोला जोडली, डाळिंब, आंबा, काजू, बोर, खड्डे खणायचे पैसेसुद्धा त्यातूनच. आमच्याकडे सांगोल्याला डाळिंबाने एक पिढी सावरली. मामांची बाग त्यातलीच. पुढे तेल्या रोगाने ती अर्धी काढावी लागली तो वेगळा विषय.

आजीचा पाझर तलाव अजून आहे. गाळ भरलाय, पण पाऊस बरा झाला की खालच्या विहिरींना दिवाळीपर्यंत तरी पाणी असतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला तिथे गाडीतून घेऊन गेले होते, तिला बांधावर चढवत नाही म्हणून खालीच उभं राहून बघितलं. मी म्हटलं, आजी, तुमच्या या कामाचे पैसे आमच्या पगारातनं कापतात बरं का, महिन्याला दोनशे. तिला वाटलं अजून कापतात म्हणजे त्या तलावाचं काहीतरी राहिलंय. मग समजावून सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तू इतकी वर्सं पैसं देतीस, तर माप कोन घेतं ते बघायला कधी गेलीस का न्हाई?"

काय बोलणार. नाही गेले.

हे सगळं त्या ट्रेनीला सांगितलं, म्हणजे एवढं सगळं नाही, चहा संपेपर्यंत जेवढं होतं तेवढं. त्याने नीट ऐकलं, त्याचं गाव बीडकडचं, त्याच्या घरातही कोणीतरी कामावर गेलेलं होतं म्हणाला. मग उठताना खात्री करून घेतली, "पण मार्चपासून परत दोनशेच ना?"

हो, दोनशेच.