लॅपटॉपला सुट्टी, टॅब सोबत

या वेळी लॅपटॉप घरीच ठेवायचा, हे तिकीट काढतानाच ठरलं होतं. आधी विमान, मग रात्रीची रेल्वे आणि शेवटी डोंगरातली बस असा प्रवास होता. सॅकमध्ये अकरा इंची टॅब, वजन पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर.

२०१० साली आलेला पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता. २०१३च्या आयपॅड एअरने ते वजन ४६९ ग्रॅमवर आणलं. दोनशे ग्रॅमचा हा फरक सॅकमध्ये जाणवतही नाही. तो जाणवतो रात्री बर्थवर आडवं पडून एका हाताने टॅब धरल्यावर, कारण थोड्याच वेळात मनगट कुरकुर करू लागतं. त्यामुळे टॅब घेताना दुकानात उभं राहून तो उचलून बघण्यात अर्थ नाही, एका हातात धरून दोन-चार पानं वाचून बघावीत. आणि कीबोर्डवालं कव्हर? ते कधीकधी खुद्द टॅबपेक्षा जड भरतं. मग लॅपटॉपने काय घोडं मारलं होतं!

विमानात पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवावी लागते. साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज साठते, त्याचं हे माप). माझी २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर. अशा टॅबची बॅटरी तीस वॉट-अवरच्या आसपास असते. वाया जाणारी वीज धरली तरी जवळपास दोनदा चार्ज होतो. रेल्वेतला सॉकेट रिकामा होण्याची वाट बघत बसावं लागलं नाही, यातच सगळं आलं.

खरी मजा बसमध्ये आली. फोनवरचा नकाशा पुढचं वळण दाखवतो. टॅब मांडीवर आडवा धरला की अख्खी दरी एका नजरेत येते. नदी कुठून फिरते, रस्ता तिला दोनदा का ओलांडतो, खिंडीच्या पलीकडे काय आहे, सगळं. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो भाग आधीच उतरवून घेतला होता, त्यामुळे रेंज गेल्याचं सोयरसुतक नव्हतं. फक्त एक बघून घ्या: आयपॅडच्या नुसत्या वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतो, तो सिमवाल्या मॉडेलमध्येच येतो. वाय-फायवाल्यात नकाशा उघडतो, पण आपण त्यावर नेमके कुठे आहोत, हे रेंज नसलेल्या घाटात कळत नाही.

एका थांब्यावर उतरून नकाशा बघायला टॅब उभा धरला आणि स्क्रीन काळीठिक्कर. शेजारचे काका म्हणाले, "गेला वाटतं तुमचा!" टॅब आडवा केला, चित्र परत आलं. गोम गॉगलमध्ये होती. एलसीडी स्क्रीनमधून बाहेर पडणारा प्रकाश एकाच दिशेने ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि गॉगलची पोलराइज्ड काच त्याला ठरावीक कोनात अडवते. काकांनी माझा गॉगल लावून टॅब तीन-चारदा फिरवून बघितला, मग बसमधल्या आणखी दोघांना बोलावून दाखवला.

उन्हाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आयपॅड वापरायला ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलेलं असतं. खिडकीतल्या थेट उन्हात तो तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंगही थांबतं. त्याने फोटो काढायला तर जाऊच नका, मागच्या माणसाला समोरच्या डोंगराऐवजी तुमचा टॅब दिसतो. कॅमेऱ्यातले फोटो कार्ड रीडरने त्यावर घेऊन बघणं वेगळं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर झक्क वाटलेले निम्मे फोटो इथे हललेले निघाले आणि मी ते रात्रीच उडवले.

मधेच ऑफिसातून एक भलीमोठी एक्सेल शीट आली. बोटाने रकाने ओढून बघितले, दोनदा भलताच रकाना पकडला गेला, मग सहकाऱ्याला फोन करून त्यालाच ती भरायला सांगितली. तो कुरकुरला, पण काम झालं. पुढच्या वेळीही लॅपटॉप नेणार नाही.