कॅब आणि हौद्यामधली फट

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फिरता दवाखाना चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेची पिकअप माझ्या नाशिकच्या गॅरेजवर आली, ती उंच करून घ्यायला. डॉक्टर मॅडमनी फोनवरच यादी सांगितली होती. तीन इंच लिफ्ट, मोठे टायर आणि पुढे जाड पाइपाचा बंपर. पावसाळा संपला की नाल्यांतले गोटे उघडे पडतात आणि गाडी खालून घासते. "भाऊ, या खेपेला अशी करून द्या की कुठल्या पाड्यावर जायचं अडायला नको," असं त्या म्हणाल्या होत्या.

गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरदादांची तक्रार वेगळीच होती. हौद्यावरच्या पेटीचं मागचं दार बसत नव्हतं, कडी लावायला खांद्याने रेटावं लागायचं. आणि चांदसैली घाटात चढणीवर स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणाले. "बिजागरी झिजली असंल, तेवढी बघा."

मी बिजागरी बघितली नाही. कुठलीही वाढीव काम केलेली पिकअप आली की जॅक लावायच्या आधी मी ती सपाट जागेवर उभी करतो आणि बाजूने लांब जाऊन कॅब आणि हौदा यांच्यामधली फट बघतो. पिकअपची कॅब वेगळी, हौदा वेगळा. दोन्ही शिडीसारख्या चेसिसवर आपापल्या रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. कंपनीतून निघताना ती फट वरपासून खालपर्यंत सारखी असते. खालची चेसिस सरळ आहे की नाही, हे सांगणारं त्याहून स्वस्त मोजमाप दुसरं नाही.

या गाडीची फट खाली 26 मिमी होती, वर 34.

आठ मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हौद्याची बाजू जेमतेम दीड फूट उंच. तेवढ्या उंचीत आठ मिमीचा फरक पडला, म्हणजे हौदा शेपटीकडे कलला होता. लाइनदोरी बांधली, ओळंबे सोडले, चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या भोकांपासून जमिनीपर्यंत मापं घेतली. मागचं टोक 28 मिमी खाली आलेलं होतं. खाली झोपून बॅटरी मारली तेव्हा जागाही सापडली. कॅबच्या मागे, मागच्या एक्सेलच्या जरा पुढे, चेसिसच्या खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी सुरकुती पडली होती आणि वरच्या पट्टीवरचा रंग केसाएवढ्या रेषेत तडकला होता. चेसिस वाकलेली होती.

दादांना खाली बोलावून ती सुरकुती बोटाने दाखवली. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "परवाच सिस्टरबाई अन् दोन पेशंट बसवून आलो याच्यातून." मला त्या क्षणी त्यांच्याइतकीच भीती वाटली. वीस वर्षं हे काम करतोय, पण माणसं नेणारी गाडी अशा अवस्थेत घाट उतरून आली आहे, हे कळल्यावर हात थांबतात.

कारण वर बघितलं की दिसत होतं, पण मला ते आकड्यात हवं होतं. पेटी पोलादी, 2 मिमी पत्र्याची. आत मागच्या दाराला लागून दोनशे लिटरची पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी जनरेटर. दाराबाहेर लोखंडी कॅरियर, त्यावर दुसरी स्टेपनी, डिझेलचे कॅन आणि शिडी. पाणी, डिझेल सगळं भरून, दादा आणि मी दोघे बसून नाशिकच्याच अंबडच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे 1,110 किलो, मागे 1,880. एकूण 2,990. कंपनीने त्या गाडीला ठरवून दिलेल्या कमाल वजनाच्या हे दोनशे किलो वर होतं, आणि कॅम्पला निघताना मागच्या सीटवर आणखी दोन माणसं बसायची.

मला जास्त बोलका वाटला तो पुढचा आकडा. तशाच रिकाम्या गाडीत दोन माणसं बसली तर पुढच्या चाकांवर 1,220च्या आसपास वजन येतं, हे माझ्या वहीत आहे. म्हणजे टनभर सामान लादूनही पुढची चाकं शंभरावर किलोंनी हलकी झाली होती. घाटातलं हलकं स्टिअरिंग ते हेच. मागच्या एक्सेलच्या मागे टांगलेलं वजन पुढचं तोंड उचलतं. दोन एक्सेलमधलं अंतर 3.1 मीटर धरा आणि एक्सेलच्या एक मीटर मागे 100 किलो टांगा. मागच्या चाकांवर 100 नव्हे, 132 किलो येतं आणि पुढच्या चाकांवरचं 32 किलो कमी होतं. कावड खांद्यावर घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. इथे खांदा म्हणजे मागचा एक्सेल.

पण नुसत्या वजनाने चेसिस इतक्या लवकर वाकत नाही. आधी कुठेतरी मागची बाजू बसली म्हणून पाट्यांच्या, म्हणजे मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या वर, एक्सेल आणि चेसिसच्या मध्ये, हवेचे फुगे बसवून घेतले होते. फुग्यात हवा भरली की मागची बाजू उचलली जाते, गाडी दिसायला सपाट होते आणि मालकाला वाटतं काम झालं. कमानपाटा मात्र चेसिसला दोन ठिकाणी भार देतो, पुढच्या टोकाच्या हँगरशी आणि मागच्या टोकाच्या शॅकलशी. दोन्हींत मीटरभराहून जास्त अंतर असतं, भार पसरतो. फुगा तोच भार मधोमध एका जागी वर ढकलतो. मागे टाकी, जनरेटर, कॅरियर लोंबकळतंय, पुढे कॅबचं वजन आहे आणि दोघांच्या मध्ये फुगा चेसिसला वर रेटतोय. अशात चाक गोट्यावर आपटलं की शेपटी खाली झटका देते. असे झटके खाऊन वरची पट्टी ताणली जाते, खालची दाबून सुरकुतते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपवर घरसंसार लादून वाळवंटात जाणाऱ्यांच्या गाड्या याच जागी वाकल्याची छायाचित्रं मी पाहिली होती. स्वतःच्या पिटवर मात्र हे पहिल्यांदाच.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आपल्याकडे 2016मध्ये आलेली इसुझूची व्ही-क्रॉस घ्या किंवा 2022मधली टोयोटाची हायलक्स, रचना तीच. शिडीची चेसिस, पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन हात, आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सेलवर पाटे. यातली कुठलीही गाडी अशी लादली तर हेच होईल.

मॅडमना फोन केला आणि सांगितलं की गाडी तीन इंच उंच करणार नाही, आणि अशी परतही पाठवणार नाही. त्या चिडल्या. पुढच्या आठवड्यात लसीकरणाचा कॅम्प होता. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, आणि तो फ्रिज नेणारी दुसरी गाडी संस्थेकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः एसटीने नाशिकला आल्या. मी त्यांना पिटमध्ये उतरवलं, सुरकुती दाखवली, काट्याच्या दोन्ही पावत्या हातात दिल्या. त्यांनी एकच विचारलं, "हे हाड जुळेल का?" जुळेल, पण त्यावर पुन्हा हाच भार टाकायचा नाही, असं मी म्हणालो. कॅम्पसाठी त्यांनी तालुक्यातून जीप भाड्याने ठरवली आणि गाडी माझ्याकडे सोडली.

तीन इंचांचा विषय त्याच बैठकीत काढला. गाडी खालून घासते म्हणजे काय घासतं? दादा म्हणाले, मागचा गोळा. मागचा डिफरन्शियल एक्सेलवर असतो आणि एक्सेल चाकांवर. स्प्रिंगखाली कितीही इंच चढवा, गोळा जमिनीपासून तसूभर वर जात नाही, वर जाते ती फक्त बॉडी. गोळा उचलतो तो टायर. 245/70 आर 16च्या जागी 265/70 आर 16 घातला तर टायरचा व्यास 28 मिमीने वाढतो आणि गोळा 14 मिमी वर येतो. उरलेलं काम गोट्यांमधून चाकांची वाट निवडून चालवण्याचं आहे, आणि दादा त्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत.

पुढच्या बाजूला तीन इंच उचललं तर नुकसानच होतं. आधीच्या कुणीतरी शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर घातलेले होते. चाक लोंबकळतं सोडल्यावर वरचा विशबोन कॉइलला टेकत होता, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट घडीत चिरलं होतं आणि ब्रेकचा होज तारेसारखा ताणला जात होता. इतकी उंची दिली की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. मी 40 मिमीवर थांबायचं ठरवलं. तेवढ्यात अलाइनमेंट कंपनीच्या मर्यादेत बसते.

चेसिस सरळ करायचं काम ज्यांच्याकडे त्यासाठी बेंच आहे त्यांच्याकडेच दिलं. तिथल्या चाचांनी गॅसचा बंब लांब ठेवला, हे पाहून मला हायसं वाटलं. चेसिसचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते. हायड्रॉलिकने थंड ओढायचं, थोडं पुढे नेऊन सोडायचं, पुन्हा मोजायचं. मग आतून आधाराच्या पट्ट्या. पट्टीची टोकं तिरकी कापलेली हवीत आणि चेसिसच्या लांबीला छेदणारा, वरून खाली उभ्या रेषेत वेल्ड कुठेही नको, नाहीतर पुढची चीर त्याच रेषेवर निघते. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची आणि कॉम्प्युटरचे सॉकेट काढायचे, हे मी उभं राहून करून घेतलं.

पेटीसाठी मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण खरा उपचार तिथे होता. 2 मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला 15.7 किलो भरतो. 3 मिमी ॲल्युमिनियम 8.1 किलो. बारा चौरस मीटरच्या पेटीत नव्वद किलो असेच सुटतात. अंबडच्या फॅब्रिकेटरकडे आम्ही आधी जमिनीवर खडूने हौदा आखला, त्यावर एक्सेलची रेष मारली आणि मॅडमना प्रत्येक वस्तू कुठे हवी ते विचारत बसलो. पाण्याची टाकी शंभर लिटरची, कॅबच्या पाठीला चिकटून आणि तळाला. वर धडगावला टाकी भरून घेता येते, दोनशे लिटर खालून नेण्याची गरज नव्हती. फ्रिज एक्सेलच्या पुढे. मलमपट्टी, कापूस वरच्या फळ्यांवर, सलाइनच्या पेट्या खाली. जनरेटर पूर्ण बंद. त्याच्या जागी टपावर दोन सोलर पॅनेल आणि लिथियम फॉस्फेट बॅटरी. आधीची ट्यूब्युलर बॅटरी एकटी पन्नास किलोंच्या वर होती, नवी बाराच्या आसपास. मागचा कॅरियर कापून टाकला. एकच स्टेपनी, कंपनीने दिलेल्या जागी, खाली.

एका गोष्टीवर मॅडम अडून राहिल्या. पेशंट तपासायला मागे उघडणारी पायरी हवीच, म्हाताऱ्या बाया उंच चढू शकत नाहीत. मला मागे एक किलोही नको होता. पण त्यांचं बरोबर होतं, म्हणून ॲल्युमिनियमची घडीची पायरी केली आणि तेवढं वजन पुढच्या फळीवरून कमी केलं.

फुगे काढले. पाटे निवडताना 'हेवी ड्यूटी' शब्दावर जाऊ नये. गाडीवर कायम किती किलो राहणार, त्यावरून पाटा ठरतो. कायमचं वजन 460 किलो निघालं, त्या गटाचे पाटे आणि जुळणारे शॉकअप घेतले. जास्त कडक पाटा रिकाम्या गाडीला नाचवतो आणि चाकाची पकड सुटते. मागची बाजू उचलल्यावर एक गोष्ट हटकून राहते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सेलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी असते. मागे किती भार आहे ते ती व्हॉल्व्हला सांगते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब मिळतो. पाटे उंच केले की दांडीला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दांडीचा ब्रॅकेट तेवढ्याच मापाने हलवावाच लागतो. चांदसैलीच्या उतारावर हे कळण्यापेक्षा पिटमध्ये कळलेलं बरं.

पाइपाचा बंपर बसवला नाही. डिसेंबर 2017मध्येच केंद्राने राज्यांना अशा बुलबारांवर कारवाई करायला कळवलं आहे, आणि पुढे तेवढं लोखंड लावलं तर एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बदलतं. पेटीचे कागद संस्थेने आरटीओत रीतसर दिले. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52मुळे मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. कागद नसतील तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच काढते. पेशंट नेणाऱ्या गाडीत हा धोका कुणीही घेऊ नये.

सगळं भरून, दादा आणि मी, पुन्हा त्याच काट्यावर गेलो. पुढे 1,250, मागे 1,310. एकूण 2,560. फट वर-खाली सारखी. दादांनी पेटीचं दार एका बोटाने लोटलं, कडी आपोआप बसली, मग त्यांनी ते दोन-तीनदा उघडून लावून पाहिलं.

हजार किलोमीटरनंतर पाटे एक्सेलला धरणारे यू-बोल्ट आवळायला गाडी आली तेव्हा मॅडमही सोबत होत्या. बोल्ट पाव फेरा फिरले, नवे पाटे बसले की तेवढे फिरतात. मॅडमनी दुसऱ्या पिकअपचे कागद काढून दाखवले. तोरणमाळच्या बाजूसाठी संस्थेला आणखी एक गाडी मिळाली होती. मी त्यांना ती आधी रिकामीच काट्यावर नेऊन दोन्ही पावत्या पाठवायला सांगितलं. पेटीचा आराखडा त्या पावत्यांवरून काढू.