अडीच म्हणजे किती?

भाचीला फोनवर म्हटलं, "अडीचला तयार राहा." पलीकडून थोडा विचार करून आवाज आला, "आत्या, अडीच म्हणजे थ्री थर्टी ना?"

मी हसले, पण तिचं अगदीच चुकलं नव्हतं. अडीचच्या पोटात तीन दडलेला आहेच. मूळ शब्द अर्धतृतीय, म्हणजे दोन पुरते आणि तिसरा अर्धा.

याच हिशोबाने बाराशे वर्षांपूर्वी तिबेटी दुभाष्यांनाही पेचात टाकलं होतं. 'वज्रच्छेदिका' या संस्कृत बौद्ध सूत्राच्या सुरुवातीला बुद्ध श्रावस्तीच्या जेतवनात आहेत आणि सोबत 'अर्धत्रयोदश' शत भिक्षू. बारा शतकं पुरती, तेरावं अर्धं. आपण सरळ साडेबाराशे म्हणू. पण ल्हासाकडच्या माणसाने शब्दाला शब्द ठेवून हे वाचलं, तर त्याने भिक्षू मोजायचे कसे?

हा पेच सुटला तो राजाश्रयामुळे. राजाश्रय म्हटलं की विहार, जमिनी, धान्य डोळ्यांसमोर येतं. तिबेटच्या सम्राटांनी तेही दिलं. त्रिसोंग देत्सेनने नालंदेच्या आचार्य शांतरक्षितांना बोलावून साम्ये विहार उभारला. त्याचा नातू रल्पाचेन याने तर म्हणे एकेका भिक्षूच्या पोटापाण्याची जबाबदारी सात-सात घरांवर टाकली. (त्या सात घरांना काय वाटलं असेल, ते वेगळं.) मला मात्र या दोघांच्या मधे गादीवर असलेला सेनालेक, म्हणजे रल्पाचेनचा बाप, आवडतो. त्याने शब्दांची काळजी घेतली.

तोवर एकाच संस्कृत शब्दाला प्रत्येक जण आपापला प्रतिशब्द लावत होता. इ. स. 814 मध्ये सेनालेकने जिनमित्र, दानशील अशा भारतीय पंडितांना तिबेटी भाषांतरकारांसोबत बसवलं. नऊ हजारांवर नोंदींचा संस्कृत-तिबेटी कोश, 'महाव्युत्पत्ती', याच खटपटीतून आला. सोबत नियमही ठरले. अर्धत्रयोदशसारखे आकडे तिबेटी वळणाने सरळ 'एक हजार दोनशे पन्नास' लिहायचे. परक्या फुलाचं नाव भाषांतरित होत नसेल तर तसंच ठेवून आधी 'मेतोक', म्हणजे फूल, जोडायचं. आणि कुणाला नवा शब्द सुचला तर परस्पर वापरायचा नाही, दरबारात पाठवून मंजूर करून घ्यायचा. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हा शेवटचा नियम लावायला हवा.

काही शब्द त्यांनी फोडून पाहिले. अर्हत म्हणजे पूज्य, योग्य. पण त्यांनी 'अरि' आणि 'हत' अशी फोडही मानली आणि शब्द केला 'ड्राचोम्पा', शत्रूला जिंकलेला. शत्रू अर्थातच मनातले. व्याकरणाचा शिक्षक नाक मुरडेल, पण तिबेटी माणूस आजही अर्हताला तेच म्हणतो.

भाचीला मी शेवटी सांगितलं, "टू थर्टी." मी वेळेवर पोचले. ती साडेतीनला तयार झाली.