बाणाची काडी

सुवर्णमहोत्सवी अंकात शाळेच्या आठवणी पुष्कळजण लिहितील. मी बांबूच्या बाणाबद्दल लिहितो. आपल्या भागातली पोरं धनुष्यावर जीव टाकतात, पण नेम बहुतेक वेळा बिघडतो तो काडीमुळे.

बांबू थंडीत तोडलेला, दोन-तीन वर्षांचा, जाड सालीचा, मानवेल जातीचा घ्यावा. पिठूळ अंश जास्त असलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि काडी आतून पोखरते. बुरडाकडून घ्या किंवा धुऱ्यावरचा तोडा. जंगलाबाहेरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीपासून वनकायद्यात झाड धरला जात नाही. चिरलेल्या पट्ट्या सावलीत महिना-दीड महिना वाळवाव्यात, उन्हात त्या तडकतात. मग चाकूने गोल करत सुमारे ८ मिलिमीटर जाडीवर आणाव्यात. खरी ताकद बाहेरच्या सालीत असते, म्हणून तासायचे ते आतल्या बाजूने. गाठी फक्त गुळगुळीत करा. गाठ जास्त तासली की बाण तिथेच मोडतो.

सगळी कसोटी शेकण्यात आहे. निखाऱ्यांपासून वीतभर वर काडी फिरवत राहायची. हाताला चटका बसेल इतकी तापली की बाकाच्या उलट दिशेने वाकवायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरायची. घाईने सोडली तर बाक परत येतो. काळी पडली तर ती ठिसूळ झाली, टाकून द्या. आधी दोन गाठींमधली कांडी सरळ करा, गाठी नंतर. दुसऱ्या दिवशी फरशीवर लोटून पुन्हा पाहा. सरळ झाल्यावर जवसाच्या तेलाचा हात द्या, म्हणजे पावसाळी दमट हवेत ती लवकर वाकत नाही.

दोरी बसायची खाच मागच्या टोकाला, गाठीच्या जरा वर, ५-६ मिलिमीटर खोल कापा आणि खाली दोरा गच्च गुंडाळा. नाही तर दोरीच्या दणक्याने काडी उभी चिरते. जाड टोक पुढे ठेवून तिथेही आधी दोरा बांधा, मगच डोके कापलेला खिळा बसवा. पिसे तीन, १० सेंटिमीटरची, सगळी एकाच बाजूच्या पंखातली. डावी-उजवी मिसळली की बाण डगमगतो. एक पीस खाचेला काटकोनात, धनुष्यापासून लांबच्या बाजूला. पिसाचा पुढचा देठ पातळ करून दोऱ्याखाली पूर्ण दाबा. वर राहिलेले टोक बाण सुटताना डाव्या हाताची कातडी फाडते.

तणसाच्या भाऱ्यावर, मागे मातीचा बांध असेल तिथे, १० मीटरवरून सुरुवात करा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण सतत डावीकडे जात असेल तर काडी ताठ आहे. मध्यभागी किंचित तासा किंवा टोक जड करा. उजवीकडे जात असेल तर ती लवचीक आहे, थोडी आखूड करून पाहा. मात्र पूर्ण ओढल्यावरही टोक धनुष्याच्या पुढेच राहिले पाहिजे. दोरी नुसती ओढून बाणाविना कधी सोडू नका, धनुष्य फुटते. आणि प्रत्येक वेळी सोडण्याआधी काडी कानाजवळ हलकेच वाकवा. करकर ऐकू आली तर तो बाण चुलीत घाला.