तुम्ही विचारलंत म्हणून: रेप्लिका स्पोर्ट्स कार कुणाकडून करून घ्यावी?

“जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका करून घ्यायचीय, बिल्डर कोण चांगला?” हा प्रश्न मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही गाठतो. मी स्वतः गाड्या बनवत नाही. माझं काम पॅटर्नचं: फौंड्रीत धातू ओतायचे साचे ज्यांवरून करतात ते लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स. पण गाड्या बनवणारे माझ्याकडे येतात. कुणाला हबचं कास्टिंग हवं असतं, कुणाला जुन्या ग्रिलचा नमुना उतरवून हवा असतो. कामानिमित्त मीही त्यांच्या शेडमध्ये जातो, त्यामुळं कुठं काय चालतं ते दिसतं.

नाव मात्र मी सांगत नाही. आज ज्याच्या हातावर शेड चालते तो वेल्डर दिवाळीनंतर दुसरीकडे गेलेला असतो आणि पाटी तीच राहते. म्हणून बघायचं काय, तेवढं सांगतो.

कोल्हापूरला गाड्यांचा नाद नवा नाही. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा सोनं लुटायला आलेली निम्मी पोरं गाडीकडंच बघत असतात. कार्टिंगचा ट्रॅक आपल्याकडं आहे, रिक्षा सजवण्यात तर कुणी आपला हात धरू नये. आणि जुने कारागीर म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून या गावाची एक ख्याती आहे: नमुना आणून द्या, हुबेहूब करून देतो. ऑइल इंजिनं याच रीतीनं इथं उभी राहिली. म्हणून रेप्लिकेचा विषय निघाला की कुठल्याही शेडमध्ये उत्तर मिळतं, “त्यात काय, करून टाकू की!”

गोम इथंच आहे. रेप्लिकेला नमुना असतो तो फक्त वरच्या कातडीला. आतल्या गाडीला नमुनाच नसतो. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारचा आकार, मारुती जिप्सीचं इंजिन, बिल्डरनं स्वतः जोडलेली पाइपची चॅसी म्हणजे खालचा सांगाडा, आणि कुठल्या तरी तिसऱ्या गाडीचं स्टिअरिंग, असा मेळ जगात याआधी कुणी घातलेला नसतो. नाव जुनं असलं तरी ती अगदी नवी गाडी असते. नकल करणारा हात इथं निम्म्या वाटेपर्यंतच नेतो. पुढं गणित करणारं डोकं लागतं, आणि ते त्या शेडमध्ये आहे का हे तयार, चकचकीत गाडी बघून कधीच कळत नाही. अर्धवट गाडी बघायला मागा. पॉलिश केलेली गाडी दारात आणि उघडी चॅसी ताडपत्रीखाली, अशी शेड असेल तर आधी ताडपत्री उचलायला सांगा.

बहुतेकांना कोब्राच हवी असते. 1962 मध्ये कॅरोल शेल्बीनं इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं, 1965 मध्ये सात लिटर इंजिनची ‘427’ कोब्रा आली, आणि सगळ्या मिळून मूळ गाड्या हजाराच्या आसपासच झाल्या. तुम्ही मोबाइलवर फोटो दाखवता ती गाडी बहुधा रेप्लिकाच असते. हरकत नाही. पण तिची शोभा कशात आहे ते बघा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 90 इंच, म्हणजे 2286 मिलिमीटर. इंजिन उभं, पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागं सरकलेलं. त्यामुळं पुढचं चाक आणि दार यांच्यात भरपूर जागा, आणि तीच त्या गाडीची ऐट.

आता हीच कातडी मारुती 800 किंवा झेनच्या सांगाड्यावर चढवली तर? त्या गाड्यांचं इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना आणि चाक दाराला चिकटलेलं. फायबरचं नाक लांब काढता येतं, चाक पुढं सरकवता येत नाही. काहीतरी बिघडलंय हे लहान पोरालाही कळतं, काय बिघडलंय ते सांगता येत नाही. म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न: डोनर गाडी, म्हणजे जिचं इंजिन आणि भाग काढून वापरायचे ती, कुठली? उभं इंजिन आणि मागच्या चाकांना ओढ, एवढं तरी हवंच. जिप्सी चालते, तिचा लांब व्हीलबेस 2375 मिलिमीटर आहे. निस्सानचं 1.2 लिटर इंजिन असलेली प्रीमियर 118 एनई चालते. कॉन्टेसातलं इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिनही चालतं. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची उघडी रोडस्टर काढली तेव्हा तेच वापरलं होतं.

स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ट्रायम्फ हेराल्डचं भारतात बनलेलं रूप, तिच्याबद्दलही विचारणा होते. प्रश्न रास्त आहे, कारण ब्रिटनमध्ये ट्रायम्फनं स्पिटफायर काढली ती हेराल्डचीच चॅसी आखूड करून. हेराल्डचा व्हीलबेस साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचा 83. पण आपल्याकडं आता हेराल्ड उरल्यात किती? गंजून गेलेली असेल तर बघा. धडधाकट हेराल्ड कापायला काढणाऱ्याला माझा नमस्कार, लांबूनच.

आता कागद. याचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि सगळ्यात जास्त पैसा इथंच बुडतो.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्यानं दिलेल्या मूळ वर्णनापेक्षा वेगळं काही होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. नवी गाडी बनवून विकायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून, प्रमाणपत्र घेऊनच विकावी लागते. व्हिंटेजच्या वाटेनं जाऊ म्हणाल, तर 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. त्याची पहिली फी 20,000 रुपये, आणि तो नंबर असला तरी रोजच्या वापराला मनाई. गेल्या वर्षी बनवलेली ‘1965 ची’ गाडी यात कुठंच बसत नाही.

यूट्यूबवर इंग्लंडातले गृहस्थ गॅरेजमध्ये गाडी जोडून रस्त्यावर आणतात, ते बघून फसू नका. तिथं ही परंपराच आहे. लोटस सेव्हन 1957 पासून सुट्या भागांत विकली जायची, कारण तशी घेतली की खरेदीकर वाचायचा. आजही तिथं एकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर सोडायची सोय आहे. आपल्याकडं एका हौशी माणसाच्या एकाच गाडीसाठी तसा दरवाजा नाही.

मग बिल्डर म्हणतो, “आरटीओचं आमच्याकडं लागलं, साहेब.” हे वाक्य ऐकलं की चहा संपवा आणि उठा. ‘लागलं’ म्हणजे काय, तर बऱ्याचदा डोनर गाडीच्या चॅसीवरचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या पाइपवर डकवायचा आणि आरसी जुनीच दाखवायची. तुकड्याच्या कडेनं बोट फिरवा, रंगाखालची वेल्डिंगची धार हाताला लागते. हा गुन्हा आहे, आणि आरसी तुमच्या नावावर असते, बिल्डरच्या नव्हे. एमएच-09 ची पाटी लावून रंकाळ्यावर चार फेऱ्या निर्विघ्न होतीलही. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडतो आणि पहिल्यांदा तोच नंबर शोधतो.

तेव्हा आधी स्वतःशी ठरवा. गाडी रस्त्यावर हवी असेल तर प्रमाणपत्र असलेल्याकडंच जा, आणि ते नेमकं कुठल्या मॉडेलचं आहे ते वाचून बघा. नसेल तर खासगी जागेत, ट्रॅकवर, स्वतःच्या मळ्यातल्या रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून करून घ्या. ज्यांच्याकडं चाळीस एकर ऊस आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. बिल्डरनं ही गोष्ट आपणहून, पैशाचं बोलणं निघण्याआधी सांगितली, तर माझ्या लेखी तो निम्मा पास.

उरलेला निम्मा पास चॅसीवर. वेल्डिंग जिगवर होतं का, ते बघा. जिग म्हणजे जमिनीला पक्की केलेली चौकट, जिच्यात पाइप जखडून बसतात. वेल्डिंगच्या तापानं पाइप ओढला जातो. आधी सगळीकडं टॅक, म्हणजे छोटे टाके, मारून मग उलटसुलट बाजूंनी टाके भरत गेलं तर ओढ सारखी वाटली जाते. एका टोकाकडून सरळ भरत आलेली चॅसी पिळवटते. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजे सगळं झालं असं नाही, पण सारखे नसतील तर पुढं मोजायची गरज उरत नाही.

तयार गाडीवर करायची एक परीक्षा सांगतो, तिला जॅकशिवाय काही लागत नाही. पुढच्या एका बाजूला चॅसीखाली जॅक लावा आणि हळूहळू उचला. चॅसी ताठ असेल तर थोड्याच वेळात शेजारचं चाकही जमीन सोडू लागतं. लेचीपेची असेल तर एकच कोपरा वर येत राहतो. तेवढ्यात दार उघडून बंद करून बघा. कोल्हापूरजवळच्या एका शेडमध्ये मी हे करून बघितलं तेव्हा दाराची फट वरच्या बाजूला बोटभर उघडली आणि लॅच बसेचना. बिल्डर म्हणाला, “फायबर आहे हो, जरा इकडं तिकडं व्हायचंच.” फायबरचा त्यात काही दोष नव्हता. खालची चॅसी पाटासारखी सपाट होती, मधे आडवा-तिरपा आधार कुठंच नव्हता. उघड्या गाडीला छत नसतं, त्यामुळं जो ताठपणा छतातून मिळतो तो खालूनच आणावा लागतो. हे गणित कुणी केलं, असं विचारलं तर उत्तर आलं, “अंदाज असतो आपल्याला.”

सस्पेन्शनचंही तसंच. चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग न फिरवताच ते आत-बाहेर वळतं, याला बंप स्टिअर म्हणतात. स्टिअरिंग रॅकची उंची आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडची लांबी सस्पेन्शनच्या आर्मशी जुळली नाही की हे होतं, आणि आपल्या रस्त्यांवर ते जिवावर बेतू शकतं. स्प्रिंग काढून, चाक जॅकनं वर-खाली करून टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलंय ते, मोजला का, असं विचारा. मोजणारा माणूस लगेच वही काढतो. न मोजणारा तुम्हाला टायरचा ब्रँड सांगायला लागतो. ब्रेकचंही विचारा: जिप्सीचे ब्रेक जिप्सीच्या वजनासाठी आहेत. हलक्या, बुटक्या गाडीत तेच जसेच्या तसे लावले आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते.

फायबरला मी फार वेळ देत नाही. वाकून आतली बाजू बघा. मॅटवर, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या थरावर, पांढरट, कोरडे पट्टे दिसले तर तो थर घट्ट करणारं रेझिन तिथं पोचलेलं नाही. बाहेरून रंगात मॅटचे धागे उमटलेले दिसले तर जॉब नीट क्युअर, म्हणजे कडक, व्हायच्या आत साच्यातून काढलाय. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पावसात उघड्या शेडखाली फायबर ओढणाऱ्याला थांबायला सांगा. ओल्या हवेत रेझिन नीट पकडत नाही, फोड दुसऱ्या वर्षी येतात.

वायरिंगची एक खूण मात्र मजेशीर आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, फायबरमधून वीज जातच नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. ज्याची आयुष्यभर पत्र्याच्या गाड्यांची सवय तो इलेक्ट्रिशियन इथं दोनतीन दिव्यांची अर्थ एकाच स्क्रूला बांधून मोकळा होतो. मागं उभं राहा, एकाला इंडिकेटर लावून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकबरोबर इंडिकेटर मंद झाला किंवा टेललाइटही मिचकायला लागली, तर डॅशबोर्डच्या मागं काय असेल याची कल्पना येते.

“मीच चॅसी एकाकडं, फायबर दुसऱ्याकडं, इंजिन तिसऱ्याकडं देतो, स्वस्तात पडेल,” असं म्हणणारेही भेटतात. आपल्या गावात सुटं काम उत्तम होतं, शिरोली-गोकुळ शिरगावात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम धरणारी माणसं आहेत. पण बॉनेट बसेना झालं की फायबरवाला चॅसीकडं बोट दाखवतो आणि चॅसीवाला फायबरकडं. सगळं एकाच्या नावावर ठेवा, त्यानं पुढं कुणाकडूनही करून घेऊ दे.

पैसे टप्प्यांनी द्या, तारखांनी नको. चॅसी जिगवरून उतरली की एक हप्ता, चारही चाकांवर उभी राहिली की दुसरा, असं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या. विकत घेतलेल्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची बिलं तुमच्या नावानं फाडा. शेड बंद पडली तर निदान तेवढं उचलून आणता येतं. त्याच्याकडं आधीच पाच-सहा अर्धवट गाड्या धूळ खात असतील तर तुमच्या ॲडव्हान्समधून त्यांतली सगळ्यात जुनी पुरी होणार, हे धरून चाला.

डिलिव्हरी मात्र मे महिन्यात घ्या. या गाड्यांचं तोंड अरुंद असतं, रेडिएटरला वारा कमी मिळतो, आणि जानेवारीत कुठलंही इंजिन थंडच राहतं. दुपारी बारा वाजता, उन्हात, गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवायची. फॅन लागतो का, लागला की काटा खाली येतो का, पेट्रोलचा वास कुठून येतोय का, ते बघत बसायचं. बिल्डरला शेजारीच बसवायचं, शेवटचा चेक खिशात ठेवून.