कारखान्याच्या नेटवर आवाजाला आधी वाट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. संध्याकाळी परदेशी ग्राहकांशी बोलणी चालू असतात आणि नेमका त्याच वेळी डिझाइनच्या फायलींचा बॅकअप क्लाउडवर जाऊ लागला, की इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवरचा आवाज तुटतो. अशा वेळी ‘लाइन वाढवून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. पण वाढवलेली लाइनही बॅकअप भरून टाकतोच.

खरा प्रश्न रांगेचा आहे. अपलोडचा वेग २० एमबीपीएस आणि मोडेममध्ये १ एमबीचा बफर (डेटा तात्पुरता थांबवून ठेवणारी जागा) तुडुंब भरलेला आहे असे धरले, तर मागाहून आलेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, सुमारे ४०० मिलिसेकंद ताटकळावे लागते. बोलणे सहज चालावे यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. राउटरमध्ये प्राधान्यक्रम कितीही काटेकोर लावले, तरी रांग मोडेममध्ये साचत असेल तर ते कागदावरच राहतात. म्हणून राउटरचा शेपर (बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग मर्यादित ठेवणारी सोय) लाइनच्या मोजलेल्या वेगाच्या थोडा खाली, येथे १८ एमबीपीएसवर, बसवावा लागतो. मग रांग राउटरमध्येच लागते आणि आधी कोणाला सोडायचे हे आपल्या हाती येते. पैसे मोजलेले दोन एमबीपीएस वाया गेले असे हिशेबनिसांना वाटते, त्याला इलाज नाही.

आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण असते. संगणकांनी स्वतः लावलेल्या खुणा मात्र स्विचवरच शून्य कराव्यात आणि फक्त फोनच्या व्हीएलॅनच्या (त्याच तारांवरील वेगळ्या आभासी नेटवर्कच्या) मान्य कराव्यात, कारण स्वतःला महत्त्वाचे म्हणवून घेण्यास कोणत्याच सॉफ्टवेअरला परवानगी लागत नाही. (विभागप्रमुखांचेही तसेच असते.) प्राधान्याच्या रांगेलाही कमाल मर्यादा हवी, नाहीतर ती इतरांची उपासमार करते. जी.७११ या आवाजाच्या डिजिटल पद्धतीच्या एका कॉलमध्ये सेकंदाला २०० बाइटची ५० पॅकेट जातात, म्हणजे ८० केबीपीएस. दहा कॉलना इथरनेटचा भार धरूनही १ एमबीपीएस पुरतो.

बॅकअप चालू ठेवून पिंग (पॅकेट जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) पाहिला की मांडणी जमली का ते लगेच कळते. डाउनलोडच्या बाजूने मात्र हे नियंत्रण अर्धेच राहते: तेथील रांग सेवा पुरवठादाराकडे असते, आणि आपण पॅकेट गाळून टीसीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीला वेग कमी करायला लावू शकतो, पण यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने ते ऐकलेच पाहिजे असे बंधन नाही.